टाकामागचा राजा

“एवढंच लिहून द्या बाई, की ही इंग्रज राजाची पावली हाय,” अंकुश थोडसरे म्हणाला आणि रुमालाची गाठ सोडून त्यानं एक चकती माझ्या टेबलावर ठेवली.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. मी तिथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. स्नेहसंमेलनात जुन्या नाण्यांचं एक छोटं प्रदर्शन मी मांडलं होतं, ते पाहायला हा आला होता. एका गॅरेजात मेकॅनिक होता. नखांत काळं तेल, अंगात धुतलेला शर्ट. तिशीही गाठली नसेल.

चकती चांदीची होती. आकार जुन्या पावलीएवढाच. एक बाजू जवळजवळ सपाट, अंगठ्यानं सारखी चोळल्यासारखी. दुसऱ्या बाजूला एका पुरुषाचं डोकं, तेही पुसट. नाक, हनुवटी, मानेची रेघ. सहज बघणाऱ्याला सहावा जॉर्ज वाटावा असंच.

“पावली असेल तर सराफही सांगेल तुम्हाला,” मी म्हणाले. “माझ्याकडून लिहून कशाला हवं?”

“भावाला तुमचा कागद पायजे. भावकीसमोर ठिवायला.”

मग त्यानं सांगितलं, खाली मान घालून, तुटक तुटक. त्यांचं गाव वाघदरवाडी, तेरणेच्या काठावर, तेरपासून जवळच. घरच्या देव्हाऱ्यात देवीचा एक टाक, म्हणजे चांदीवर उठवलेली तिची मूर्ती, पिढ्यान्‌पिढ्या पुजला जातो. तांब्याच्या कोंदणात लाखेनं बसवलेला, त्यावर हळदकुंकवाचा आणि तेलाचा इतका जाड थर की त्याखालची देवी जिवंत माणसांपैकी कुणी पाहिलेलीच नव्हती. घट बसायच्या आधी त्याच्या बायकोनं, छबूनं, देव उजळायला काढले. कढत पाण्यात घातले. थर सुटला, लाखेची पकड सुटली आणि हातात आलं हे. देवीच्या जागी कुणी मिशा नसलेला पुरुष.

“दादा म्हनतो, तिनं खरा टाक इकला आन्‌ त्याजागी पावली बसिवली. तिला माहेरी धाडलंय. दीड महिना झाला. पोरगी आमच्याकडंच हाय, तीन वर्साची. रविवारी भावकी बसनार. पावली हाय असं ठरलं तर सोडचिठ्ठी, आन्‌ माझं दुसरं लगीन.”

“तुम्हाला काय वाटतं? विकला तिनं?”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. “मला वाटून काय उपेग, बाई?”

मी चकती ठेवून घेतली आणि दोन दिवस मागितले.

पुण्याला शिकत असताना मी एक वर्ष रोमन नाण्यांच्या ठशांवर काम केलं होतं. त्यामुळे ती चकती हातात घेतल्याक्षणी मनात एक शंका आली होती, पण मी ती बोलून दाखवली नाही. झिजलेल्या नाण्याची एक खोड असते. आपल्याला जे पाहायचं असतं तेच ते दाखवू लागतं. एखाद्या बाईचा संसार त्यावर टांगलेला असेल तर विचारूच नका. मला ती पावली नसायला हवी होती, आणि म्हणूनच माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता.

सकाळी उन्हं तिरकी असताना खिडकीशी बसले. सरळ उजेडात झिजलेलं नाणं आंधळं असतं. उजेड आडवा पाडला की जरा उरलेला उंचवटाही सावली टाकतो. कडेपासून सुरुवात केली. पावलीच्या कडेला बारीक दाते असतात, आणि ती एकसारखी गोल असते. ही कड ओबडधोबड होती, एका जागी फुटलेली, दात्यांचा मागमूस नाही. पण दाते झिजतात. मी स्वतःलाच बजावलं, घाई नको.

डोक्याच्या मागे, मानेवर दोन बारीक रेघा खाली आल्या होत्या. फितीची टोकं. डोक्यावर पानांची माळ बांधली की अशी टोकं लोंबतात. इंग्रज राजे मुकुट घालत किंवा उघड्या डोक्याचे असत. चकतीवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलक्या हातानं फिरवली. तीन-चारदा काही आलं नाही. मग एका कागदावर कडेलगत तीन अक्षरं उमटली : ए, व्ही, जी. ऑगस्टस या शब्दाची पहिली तीन. रोमन लोक यू लिहीत नसत, त्याजागी व्ही कोरत.

सपाट बाजूला जास्त वेळ गेला. दुपारपर्यंत ऊन सरकलं, मी आरसा घेऊन ते परत आणलं. शेवटी एक आकृती दिसली. दिसली म्हणजे काय, सावलीसारखी जाणवली. आसनावर बसलेली बाई, एका हातात उभी काठी किंवा भाला. मी पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं, मग पुस्तक मिटून पुन्हा नुसतं नाणं पाहिलं, मग पुन्हा पुस्तक. तिबेरियस नावाच्या रोमन बादशहाचं नाणं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्या काळी तेरचा माल समुद्रापार जात असे आणि अशी चांदी इकडे येत असे.

मी खूश व्हायला हवं होतं. पण अंकुशच्या भावाचं उत्तर मला आधीच ऐकू येत होतं. पावली नसेल, पण हा टाकही नाही; बाईनं कुठूनतरी जुनं नाणं आणून बसवलं. तेरच्या शेतांत जुन्या वस्तू सापडतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी छबू स्वतःच आली. एकटीच, एस. टी.नं. सडपातळ, चेहरा उन्हानं रापलेला. पायरीवरच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

“ह्यांनी तुमच्याकडं दिलंय असं कळलं. मला खरं काय ते सांगा. पावली आसंल तर पावली म्हना.”

“पावली नाही,” मी म्हणाले. “फार जुनं नाणं आहे.”

तिला हायसं वाटलं नाही. ती हाताच्या बोटांकडे बघत होती. “सगळी एकच म्हनाया लागली ना बाई, की आपलं खरं आपल्यालाच खरं वाटंना होतं. मलाबी वाटतं, घंगाळातनं टाक दुसरीकडं गेला का काय. हे कुठनं आलं का काय. म्या परत परत ते पानी आठवते.”

“कोंदण कुठं आहे? ज्यात हे बसवलेलं होतं ते?”

“आत्याबाईंनी उचलून ठिवलं.” आत्याबाई म्हणजे सासू, भामाबाई. “दादा वरडले, जाऊबाई वरडल्या, ह्यांनी तोंड फिरिवलं. आत्याबाई काईच बोलल्या न्हाईत. कोंदण उचललं, पदरात घेतलं आन्‌ आत गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.”

“रविवारी तुम्ही गावी या,” मी म्हणाले. “मी येते.”

“मला आत घेत न्हाईत.”

“दारात उभ्या राहा. पण या.”

वाघदरवाडीत थोडसऱ्यांचं घर शाळेमागं होतं, पत्र्याचं, पुढं सारवलेलं अंगण. अंकुशचा थोरला भाऊ बळीराम अदबीनं वागला. खुर्ची दिली, चहा आणवला. पंचेचाळिशीचा, भरदार, आवाज खणखणीत. मला वाटलं होतं लबाड असेल; तसं काही नव्हतं. देवी घरातून गेली या विचारानं तो खरोखर हादरलेला होता. सतरंजीवर भावकीतले पाच-सहा म्हातारे बसले होते. उंबऱ्याशी, भिंतीला टेकून, भामाबाई. वाळलेली, हिरव्या लुगड्यात बुडालेली. फाटकाबाहेर छबू उभी होती. जावेच्या कडेवरची पोरगी, मुक्ता, आईकडे बघून हात हलवत होती, आणि जाऊ तिचं तोंड दुसरीकडे वळवत होती.

मी जे पाहिलं ते सांगितलं. कड, फीत, अक्षरं. मग बळीरामच्याच देवघरातला आरसा मागून अंगणातलं ऊन आडवं पाडलं आणि सपाट बाजू दाखवली. एकेक म्हातारा वाकून बघू लागला. दोघांना काही दिसलं नाही. तिसरा, बळीरामचा चुलता, बराच वेळ डोळे बारीक करून बसला.

“बसल्याली हाय,” तो म्हणाला. “हातात भाला हाय. आमचा बा म्हनायचा, आपली आई बसल्याली हाय, दुसऱ्यांची उभी आसती.”

कुजबुज झाली. बळीरामनं नाणं हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं.

“बाई, तुम्ही शिकलेल्या. तुमचं खोटं कोन म्हनंल?” तो म्हणाला. “पर हे नानं आमच्याच टाकातलं हाय ह्याला काय पुरावा? आसली नानी तेरात घावत्यात. उद्या कुनीबी आनून बसवंल.”

हे मला ठाऊक होतं. “कोंदण बघायला मिळेल?” मी विचारलं.

मग बळीराम म्हणाला, “आये, कोंदण कुठं ठिवलंस?”

भामाबाई भिंतीला धरून उठल्या. आत गेल्या. इतका वेळ लागला की कुणीतरी पुन्हा हाक मारली. परत आल्या तेव्हा हात पदराखाली होता, आणि माझ्यासमोर तो बाहेर काढताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला ते कोंदण घेऊ नये असं वाटलं.

तांब्याची उथळ वाटी. तळाला लाख. आणि लाखेत, आडव्या उजेडात, खोलगट उमटलेला चेहरा : नाक, हनुवटी, कान. शिक्का मेणात दाबावा तसा. मी नाणं त्यावर ठेवलं. किंचित फिरवलं. ते आपल्या जागी बसलं, फुटक्या कडेसकट.

मी वाटी बळीरामच्या हातात दिली. “ही लाख तुमच्या घरातली. त्यात हाच चेहरा आहे. तुमचा टाक म्हणजेच हे नाणं. देवीची बाजू वर होती, पुजून पुजून झिजली. राजाची बाजू लाखेत होती. तुमच्या भावजयीनं काही विकलं नाही, काही बदललं नाही.”

बळीराम वाटी डोळ्यांजवळ धरून उभा राहिला. चुलता म्हणाला, “खरं हाय की रं.” अंकुशनं फाटकाकडे पाहिलं, पण जागचा हलला नाही.

मी तिथंच थांबायला हरकत नव्हती. पण एक गोष्ट मला खटकत होती आणि ती उद्या दुसऱ्या कुणाला खटकली असती तर पुन्हा छबूवरच आली असती. म्हणून मी म्हणाले, “लाख मात्र दोन प्रकारची आहे. कडेची काळी, जुनी, ठिसूळ. चेहरा उमटलाय ती लालसर, नंतरची. पण तीही आजकालची नाही, तडकलीये. म्हणजे हे नाणं पूर्वीही एकदा निघालं होतं. कुणीतरी पुन्हा बसवलं.”

“कोन बसिवनार?” बळीराम म्हणाला. “माझ्या हयातीत टाक कुनी हलिवला न्हाई.”

“म्या बसिवला,” भामाबाई म्हणाल्या.

आवाज इतका बारीक होता की चुलत्यानं विचारलं, “काय म्हनली?”

“म्या. माझ्या हातातनं पडला. तवा बळी पाच वर्साचा हुता, सासूबाई देवीला गेल्या होत्या. कोंदनातनं निघाला. उचलून बघते तर बाप्याचं तोंड. देवी पाठमोरी झाली असं वाटलं मला. लाखेच्या बांगड्या होत्या हातात, एक फोडली, दिव्यावर इतळवली आन्‌ दाबून बसिवला. वर तेल, कुकू. कुनाला कळलं न्हाई.”

“मग सांगायचं न्हाई का?” बळीराम म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “दीड महिना आमी हिला…”

“त्याच आठवड्यात माझं लेकरू गेलं,” भामाबाई म्हणाल्या.



“कोनतं लेकरू?” अंकुशनं विचारलं. पहिल्यांदाच तो काही बोलला होता.

“तुज्या आधीचं. बळीच्या पाठचं.”

बळीराम खाली बसला. वाटी त्याच्या हातातच होती. “तो मामाच्या गावाला गेलाय म्हनून सांगितलं होतं मला,” तो म्हणाला. “म्या वाट बघायचो. मग इसरलो.” हे तो कुणाला सांगत होता कळेना.

भामाबाई माझ्याकडे वळल्या. इतर कुणी तिथं नसल्यासारख्या.

“तुम्ही म्हनता, हे नानं हाय.”

“हो.”

“नुसतं नानं? परदेशातल्या राजाचं?”

“हो, आजी.”

“मग माझं लेकरू कशानं गेलं?”

मी शिक्षिका आहे. प्रश्नाला उत्तर द्यायची सवय लागलेली असते. चाळीस वर्षं त्या बाईनं एक कारण जपलं होतं, त्यावर रोज हळदकुंकू वाहिलं होतं, आणि ते मी आरशानं ऊन पाडून काढून घेतलं होतं. आजही कुणी तो प्रश्न विचारला तर मला सांगता येणार नाही.

छबू आत आली होती. फाटक कधी उघडलं कुणी पाहिलं नाही. ती सरळ जावेपाशी गेली, मुक्ताला तिच्या कडेवरून घेतलं आणि सासूपुढं जमिनीवर बसली.

“काय झालं हुतं त्याला?”

“ताप.” भामाबाई म्हणाल्या. “अंग तव्यावानी. मान ताठ झाली. नदीला पानी हुतं, पल्याड न्यायला आलं न्हाई. तिसऱ्या दिशी दूध घिईना.”

“मग तापानं गेला, आत्याबाई. आमच्या गल्लीत दोन पोरं तशीच गेली, मान ताठ होऊन. त्यांच्या घरात काई पडलं नव्हतं.”

भामाबाईंनी पदर तोंडात धरला.

“काय नाव हुतं?”

“बापू. नाव ठिवायचं राहिलं हुतं, आमी बापूच म्हनायचो.”

छबूनं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग तिनं हात काढून घेतला.

“तुमाला ठावं हुतं,” ती म्हणाली. “म्या काई केलं न्हाई हे पयल्या दिसापासनं तुमाला ठावं हुतं.”

“हुतं.”

“पोर माझ्यावाचून रडत हुती तवाबी.”

“हुतं गं. बोलले असते तर त्याला म्याच मारला असं झालं असतं. सगळ्यांसमोर. आजवर माझ्या एकलीतच हुतं.”

छबूनं मान हलवली. समजल्यासारखी. पण ती उठली ती मुक्ताला घेऊनच.

बळीरामनं हात जोडले. “चूक झाली, छबू. घरात चल. आजपासनं…”

“न्हाई, दादा. राग धरून जात न्हाई मी. आत्याबाईंवर तर न्हाईच. पर ह्या घरात मला झोप लागनार न्हाई.” तिनं अंकुशकडे बघितलंही नाही.

तिनं जावेकडून मुलीचं एक झबलं मागून घेतलं आणि माझ्याबरोबर फाट्यावर आली. मागं भामाबाईंचं रडणं ऐकू येत होतं, उशिरा सुरू झालेलं, थांबायचं नाव न घेणारं. त्यात बळीरामचा आवाज मिसळला होता. तो आईला त्या भावाबद्दल काहीतरी विचारत होता, पुन्हा पुन्हा. नाणं आणि कोंदण मी त्यांच्याच स्वाधीन केलं होतं. पुढं त्यांनी टाक परत बसवला असं कळलं.

फाट्यावर लिंबाखाली सिमेंटचा एक बाक होता. छबू त्यावर बसली, मुक्ता तिच्या मांडीवर. मुलगी आईच्या गळ्यातली काळी पोत चाचपून बघत होती, ती तीच आहे का याची खात्री करत असावी. मी काही बोलायला गेले तर छबू म्हणाली, “बाई, आता काई नगं.”

अर्ध्या तासानं अंकुश आला. हातात पत्र्याची पेटी, घामानं निथळलेला, चालत नाही तर पळत आलेला. बाकाशी थांबला. छबू सरकली नाही. तो पेटी खाली ठेवून उभाच राहिला.

“गॅरेजजवळ एक खोली हाय,” तो म्हणाला. “मालक देतो म्हनला हुता मागं.”

तिनं झबल्याची पिशवी जवळ ओढली.

“छबू, म्या तवाच बोलायला पायजे हुतं.”

“पायजे हुतं,” ती म्हणाली. रस्त्याकडे बघत.

एस. टी. आली तेव्हा खच्चून भरलेली होती. मी आधी चढले. मागं वळून पाहिलं तर छबू खालीच, एका हातात झबल्याची पिशवी, कडेवर मुलगी, आणि पायरी उंच. कंडक्टर घाई करत होता. तिनं एकदा पायरीकडे पाहिलं, एकदा अंकुशकडे. मग मुक्ताला त्याच्या हातात दिलं आणि दांडा धरून वर चढली.